पिंडरे आडनावाची नोंद

बाळासो : तसं न्हवं मामा. धरून आणलं असं म्हणू नका. जीप पाठवली ती मान म्हणून. दरसाल सुगी झाल्यावर तुमी बैलावर बसून येता, दारात आमची वंशावळ गाता, पायलीभर जोंधळं घेऊन जाता. औंदा काम निकडीचं हाय, म्हणून दोन म्हयनं आधी बोलावलं. एवढंच.

मल्लाप्पा : मान म्हणून पाठवली, तर डायवर गप का हुता री धनी? घरापासनं हितवर एक सबूद बोलला न्हाय. मी इचारलं, पिंडऱ्यांच्या घरात काय कमीजास्त झालंय काय? तर म्हणाला, मालकास्नी इचारा. हेळवी म्हंजे बैल पाहिजे, गळ्यात घंटी पाहिजे. जीपमधनं उतरलेला हेळवी बघून तुमच्या गल्लीतली कुत्री भुकली माझ्यावर.

बाळासो : त्यो डायवर घुम्याच हाय. आई, मामास्नी ताक दे की.

तानाबाई : ठेवलंय म्होरं. घ्या दादा.

मल्लाप्पा : घेतो आक्का. पंखा तेवढा बंद करा. चोपडीतली जुनी पानं वाऱ्याला टिकत न्हाईत. तुमच्या पणज्याच्या वक्ताची हाईत.

बाळासो : त्या पणज्याचंच काम हाय. आता नीट ऐका. हे पत्र बघा, इंग्लंडातनं आलंय. तिकडं यॉर्कशायर म्हणून मुलूख हाय, तिथला एक म्हातारा. रिटायर मास्तर. आडनाव पिंडर. आमचं पिंडरे, त्येचं पिंडर. आमच्या अमरनं गडहिंग्लजला नेटकॅफेत बसून आडनाव टाकलं आणि ह्यो म्हातारा घावला. त्येला नादच हाय. जगातलं जेवढं पिंडर हाईत, तेवढ्यांची यादी केलीया त्येनं. नाव दुर्मिळ हाय म्हणतो, तिकडंबी फार घरं न्हाईत. आणि त्येचा पणजा आपल्या गावात आलता. गाठीच्या तापाच्या, म्हंजे पलेगाच्या साली. तंबू ठोकून चार म्हयनं ऱ्हायलाता.

मल्लाप्पा : आलता. ठाऊक हाय.

बाळासो : तुमास्नी ठाऊक असणारच की. म्हणून तर बोलावलं.

तानाबाई : नावाचा अर्थ सांग की त्यास्नी. सकाळधरनं सगळ्या गल्लीला सांगत सुटलाईस.

बाळासो : सांगतो. म्हाताऱ्यानं दोन पानं लिवल्यात त्याच्यावर, अमरनं वाचून दावली. तिकडं जुन्या काळी गावोगाव कोंडवाडा असायचा. आपल्यागतच. पिकात शिरलेलं मोकाट जनावर धरायचं, आत घालायचं, धनी येऊन दंड भरंस्तवर सोडायचं न्हाय. ज्याच्याकडं हे काम, त्यो पिंडर. पाचसातशे वर्साचं नाव हाय. हुद्दा हाय हुद्दा. आपल्यात पाटील, मगदूम, चौगुले असत्यात तसा.

तानाबाई : कोंडणारा.

बाळासो : राखणारा म्हण.

तानाबाई : ते आतल्याला इचारावं. राखतोय का कोंडतोय.

बाळासो : आई, तू मधी बोलू नगंस. मामा, म्हातारा रविवारी कोल्हापुरात उतरतोय. सोमवारी हितं. त्येनं पत्रात इचारलंय, तुमचं आमचं रक्ताचं नातं हाय का? अमरनं कळवलंय, हाय. म्हातारा लई खूश झाला. बिनपोराचा हाय. लिवतोय की पोराला संगट घेऊन जातो, ऱ्हायची सोय करतो, ओळखीच्या कारखान्यात चिकटवतो, लागतील ती कागदं मी देतो. फकस्त पुरावा दावा म्हणतोय. अमरनं लिवलं, आमच्याकडं हेळवी असत्यात, त्येंच्या चोपडीत पिढ्यान्‌पिढ्यांचं लिवलेलं असतंय. तर म्हाताऱ्याला त्या पानाचा फोटो पाहिजे.

मल्लाप्पा : पुरावा कशाचा री?

बाळासो : आमचा आजा केरबा, त्यो पिंडर सायबाचा. असं लिवा.

मल्लाप्पा : केरबा राणोजीचा. राणोजी आणि भागीरथी. मी पंचवीस वर्सं तुमच्या दारात गातोय. त्येच्या आधी माझा बा गात हुता.

बाळासो : गाताय ते ऱ्हाऊ दे. साल बघा. सायेब आला थंडीत, केरबा जन्मला फुडल्या पावसाळ्यात. तंबू आमच्याच मळ्याच्या कडंला. भागीरथी दूध घालायला जायची, असं सांगतोय मी. आणि आमच्या घरातलं घारं डोळं? माझं घारं, अमरचं घारं. ह्या गल्लीत दुसऱ्या कुणाचं हाईत?

तानाबाई : ते डोळं माझ्या माहेरचं हाईत. माझ्या बाचं घारं, माझ्या भावांचं घारं. लगीन ठरताना तुझा आजा केरबा स्वतः म्हणालता, मांजरीच्या डोळ्याची पोरगी कशाला करायची. त्येचं डोळं काळं कुळकुळीत हुतं. पोराला इलायतला धाडायचं म्हणून मेल्या बाईला सायबाच्या तंबूत ढकलतोस व्हय?

बाळासो : शंभर वर्सं झाली मरून तिला. तिचं काय जातंय?

मल्लाप्पा : धनी, माझं ऐकून घ्या. हेळव्याच्या धंद्याची दोन बंधनं हाईत. एक, दारात उभं राहून चांगलं तेवढं गायचं. वाईट असंल ते लिवायचं, पर गायचं न्हाय. घरधन्यानं आपल्या तोंडानं इचारलं तरच वाचून दावायचं. आणि दुसरं, चोपडीत नवी वळ चढवायची तर घरातल्या सगळ्यात थोर माणसानं सांगायची, आणि खाली अंगठा द्यायचा. ह्या घरात आता थोर कोण? तुमी न्हवं. आक्का.

बाळासो : देईल की ती. अमर तिचा जीव की प्राण हाय. त्येला तिनंच वाढवलाय. तुमी लिवा.

मल्लाप्पा : लिवायच्या आधी तिथं काय लिवलंय ते तरी इचारा. राणोजीच्या नावाफुडं जागा मोकळी न्हाय.

बाळासो : काय लिवलंय?

मल्लाप्पा : इचारताय न्हवं? आक्का, त्येनं इचारलं. तुमी साक्षीला हाईसा.

तानाबाई : वाचा.

मल्लाप्पा : माझ्या आज्यानं लिवलेलं हाय. मोडी हाय, सावकाश वाचतो. राणोजी बिन सटवाजी हरळकर, मूळ गाव हरळी, कोंडवाड्याचं काम घराकडं.

बाळासो : हरळकर? आमी?

मल्लाप्पा : तुमी हरळकर. शके अठराशे एकवीस, मार्गशीर्ष. गावात गाठीचा ताप. पिंडर सायबाचा हुकूम झाला, ज्या घरात एकाला गाठ, ते अख्खं घर कोंडवाड्यात घालायचं. सात घरं, एकोणीस माणसं. दगडी भिताडं, निम्म्यावर छप्पर. दोन वक्त भाकरी आणि पाणी राणोजीनं द्यायचं. किल्ली राणोजीकडं. सायेब कोल्हापूरला गेला, आठवड्यानं येतो म्हणून सांगून गेला.

बाळासो : मग त्यात काय वंगाळ? रोग पसरू नये म्हणून ठेवलं.

मल्लाप्पा : वाचतोय की. तिसऱ्या दिशी राणोजीच्या माजघरात उंदीर मरून पडला. राणोजी भ्याला. बायकापोरं घेऊन मळ्यात झोपडी घातली, तिकडं जाऊन ऱ्हायला. किल्ली करगोट्याला बांधलेली, ती तशीच घेऊन गेला. आतल्यांची पावणीरावळी मळ्यात गेली. म्हणाली, दार उघड, निदान घागरभर पाणी तरी आत जाऊ दे. राणोजी झोपडीतनंच म्हणाला, पिंडर सायबाचा हुकूम हाय. दुसऱ्या दिशी आणिक माणसं गेली, त्यास्नी तेच. गावच्या पाटलानं सांगावा धाडला, त्येलाबी तेच. पिंडर सायबाचा हुकूम हाय.

तानाबाई : कुणी दार फोडलं न्हाय?

मल्लाप्पा : न्हाय आक्का. रोगाला भ्याली आणि सायबाला भ्याली. रात्री वरडणं ऐकू यायचं, म्हणून कोंडवाड्याच्या बाजूची घरंबी मळ्यात ऱ्हायला गेली. नवव्या दिशी सायेब आला तवा कुलूप निघालं. दोघं जित्ती हुती, तीबी सांजंपतूर गेली. एकोणीसांतल्या सातांनाच गाठ हुती. बाकीची पाण्यावाचनं गेली. सायबानं कागदात सगळी तापानं मेली म्हणून लिवलं. हितं फुडं एकोणीस नावं हाईत. वाचू?

बाळासो : नको.

मल्लाप्पा : ह्या सातांतली चार घरं माझ्या आज्याची यजमान हुती. चारीचा वेल तिथंच तुटला. दारात गायला कुणी उरलं न्हाय, म्हणून त्येंची नावं तुमच्या पानावर लिवल्यात. आणि खाली ही शेवटची वळ. तिथनं फुडं लोक राणोजीला हरळकर म्हणेनात. त्यो रस्त्यानं चालला की बाया पोरं आत वढायच्या, म्हणायच्या पिंडर आला. केरबाला शाळंत घातला, मास्तर परगावचा हुता. त्येनं इचारलं हे कुणाचं पोर, गाव म्हणालं पिंडऱ्याचं. त्येनं तसंच लिवलं. केरबा राणोजी पिंडरे.

बाळासो : म्हंजे आमचं आडनाव शिवी हाय.

मल्लाप्पा : मी काय म्हणत न्हाय. लिवलेलं वाचलं.

तानाबाई : म्हणूनच ह्या गावातल्या जुन्या घरच्या बाया माझ्या हातचं हळदीकुंकू घेत न्हाईत. लगीन होऊन आले तवा सासूला इचारलं. ती म्हणाली, आपण मोठी माणसं, जळत्यात आपल्यावर. चोपन्न वर्सं मी तेच धरून चालले.

बाळासो : जळत्यातच. आई, शंभर वर्सांची रड हाय ही. आज माझा ऊस दोनशे टन जातोय, ते बघवत न्हाय त्यास्नी. मामा, हे पान ठेवा बाजूला. फाडा न्हायतर चिकटवा, तुमचं तुमी बघा. नव्या पानावर मी सांगतो तसं लिवा. सोमवारच्या आत.

मल्लाप्पा : एवढी घाई कशाची री धनी? म्हातारा बरा दिसतोय. त्येला सांगा, रक्त न्हाय, नाव तेवढं घेतलंय. तरीबी एखाद्याच्या पोराला मदत करंल.

बाळासो : रक्त न्हाय म्हटल्यावर कोण कशाला मदत करतंय? आणि हे पान वाचून दावू काय त्येला? त्येला वाटतंय पणजा देवमाणूस हुता, गावासाठी राबला. शाळंच्या भितीवर त्येच्या नावाचा दगड बसवायचा हाय त्येला.

मल्लाप्पा : मी पाच दिसांमागं गडहिंग्लजच्या ष्टँडवर हुतो. आजऱ्याची गाडी चुकली म्हणून चहा पीत बसलतो. बाजूला दोन बाया बोलत हुत्या. ह्या गावात कुणाच्या तरी शेडात ऊसतोडीची बाई मेली म्हणत हुत्या. पोटुशी हुती म्हणं. मी नाव इचारलं, कुणाचं शेड? तर माझी चोपडी बघून गप झाल्या.

बाळासो : ष्टँडवरच्या बाया कायबी बोलतील.

तानाबाई : सांग की त्यास्नी. ह्या दारात खोटं बोलून लिवून घेणार हाईस, तर खरं काय ते तरी सांग.

बाळासो : काय सांगू? दोन दिसाची तोड ऱ्हायलीती. कारखान्याची चिठ्ठी हातात, ट्रॅक्टर उभं. आणि टोळी रातोरात शिरोळकडं पळायच्या बेतात. तिकडं कुणीतरी त्यास्नी फूस लावलीती. बीडकडची टोळी, आज हितं उद्या तिथं. ऊस वाळला असता माझा. तर अमरनं सांजंला सगळी शेडात घातली आणि बाहेरनं कुलूप लावलं. एका रात्रीचा सवाल. जनावरं न्हाय का आपण कोंडत?

मल्लाप्पा : किती माणसं?

बाळासो : सोळासतरा असतील. आता बाईला दिवस भरल्यात हे अमरला काय म्हाईत? त्यो दोस्ताच्या हळदीला कोल्हापूरला गेला. मी कारखान्यावर हुतो. किल्ली त्येच्या खिशात, त्यो कोल्हापुरात. सकाळी सातला आला, कुलूप काढलं, तर बाई गेलेली. मूलबी गेलेलं. त्येनं काय मुद्दाम केलं काय? चोवीस वर्साचं पोर हाय. तवापासनं जेवत न्हाय धड.

तानाबाई : ट्रकात घालून लावून दिली सगळ्यांस्नी. तिला मधी ठेवून. वर चटई टाकून.

बाळासो : मग काय करायचं हुतं? हितं जाळायची हुती? त्येंच्यातला एक वाटंत उतरला, ठाण्यात गेला. फौजदार दोनदा येऊन गेलाय. शेडाच्या दारावर आतनं ओरखडं हुतं ते फोटोत घ्यायच्या आत मी दार रंगवून घेतलं. वकील म्हणतोय, पोरगं वर्सभर हितं दिसू नये, बाकीचं मी बघतो. आणि नेमका ह्यो म्हातारा येतोय, तिकीटसुदिक काढून देतो म्हणतोय. देवानं धाडलाय त्येला. मामा, मला एकच पोर हाय.

मल्लाप्पा : व्हय.

बाळासो : लिवा मग.

मल्लाप्पा : माझ्या हातनं न्हाय व्हायचं ते.

बाळासो : तुमचं धान्य मी बंद करू शकतो. ह्या गावात आणि ह्या बाजूच्या पाच गावांत माझा सबूद चालतोय. तुमी, तुमचा बा, तुमचा आजा, सगळी आमच्या जोंधळ्यावर जगली. हेळवी कुणाला पाहिजेत आता? मोबाईल आलं, कॉम्प्युटर आलं. माझ्यासारखी दोन-चार घरं दार उघडत्यात म्हणून तुमचा बैल चालतोय.

मल्लाप्पा : खरं हाय. माझा पोरगा इचलकरंजीला मागावर जातोय. चोपडी माझ्यासंगट जाळा म्हणतो. पर तवर माझी हाय.

( बाळासो उठून चोपडीवर हात ठेवतो. )

बाळासो : तवर बी न्हाय. जीप माझी, डायवर माझा. लिवून झाल्याबिगर तुमी ह्या घरातनं जाणार न्हाय. ताक पिलंय, दुपारचं जेवा, हितंच पडा. मला उगाच कुणाचं वाईट करायची हौस न्हाय.

मल्लाप्पा : आक्का, ऐकताय न्हवं?

तानाबाई : ऐकतेय. बाळासो, हात काढ चोपडीवरचा. अंगठा माझा लागणार हाय न्हवं? मग मी सांगते ते लिवतील. तू बस खाली.

बाळासो : आता कसं बोललीस. सांग आई. केरबा पिंडर सायबाचा, एवढं सांग. बाकीचं मामास्नी जमतंय.

तानाबाई : दादा, जुनं पान हाय तसं ऱ्हाऊ दे. ती एकोणीस नावं असू देत. नवं पान काढा.

मल्लाप्पा : काढलं. सांगा.

तानाबाई : शालूबाई. बीडकडची. आडनाव मला ठाऊक न्हाय. रोज सकाळी ताकाला यायची, तांब्या घासूनच द्यायची. बाविसावं लागलंतं. पयलं बाळंतपण हुतं, इचारायची मला, आजी लई दुखतंय का.

बाळासो : आई, हे काय करतीस?

तानाबाई : पिंडऱ्यांच्या शेडात, कुलपाआड मेली. पौषात. लिवलं?

मल्लाप्पा : लिवतोय. सावकाश.

बाळासो : नातू हाय तुझा त्यो. तुझ्या अंगठ्यानं त्येला फासावर धाडतीस?

तानाबाई : त्येचं नाव मी घालणार हाय. खालच्या वळीला. आधी माझं लिवा दादा. तानाबाई, केरबाची सून. कुलूप अमरनं लावलं, पर किल्ली त्येनं कोल्हापूरला न्हेली न्हवती.

बाळासो : खिशात हुती त्येच्या. त्येनंच सांगितलं मला.

तानाबाई : मला वाचवायला खोटं सांगितलं त्येनं. जाताना माझ्या हातात दिलती. म्हणाला, आजी, मी येस्तवर उघडू नगंस, सगळी पळतील. मध्यानरातीला ती वरडायला लागली. मला हाका मारत हुती, आजी म्हणून. मी दोनदा किल्ली घेऊन परड्याच्या दारापतूर गेले.

मल्लाप्पा : मग?

तानाबाई : मग तिचं वरडणं थांबलं.